दारू सोडण्याचा दिवस डॉक्टरांना ठरवू द्या

आषाढ आला की या सदराकडे दारू सोडण्याविषयीची पत्रे वाढतात. या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे वडोदऱ्यातील मराठी घरांतून आली आहेत. ओळख पटेल असा तपशील वगळून ती येथे दिली आहेत.

प्रश्न : आमचे कुटुंब तीन पिढ्यांपासून वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहते. माझे यजमान ५१ वर्षांचे असून मकरपुरा येथील एका कारखान्यात पाळीवर काम करतात. गेली सोळा-सतरा वर्षे ते रोज रात्री दारू घेतात. आता ते प्रमाण एका हाफपर्यंत गेले आहे आणि अलीकडे सकाळी थोडी घेतल्याशिवाय त्यांचा हात स्थिर राहत नाही. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी त्यांना कुलदैवताची शपथ घातली आणि श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून त्यांनी दारू पूर्ण बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना फिट आली, दातखीळ बसली. शेजाऱ्यांनी कांदा हुंगवला. दवाखान्यात नेले तेव्हा आम्ही दारूविषयी काहीच सांगितले नाही. दारूबंदीच्या राज्यात ही गोष्ट बाहेर गेली तर पोलीस येतील, नोकरी जाईल, अशी भीती वाटली. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि नंतर फिट आली नाही. तेव्हापासून सासूबाई म्हणतात की त्याला दारू सोडणे मानवत नाही. या वर्षी मात्र ते स्वतःहून म्हणत आहेत, ‘गटारीला शेवटची घेतो आणि श्रावणात माळ घालतो.’ मला आनंदही होतो आणि धडकीही भरते. घरच्या घरी सोडवता येईल का? नणंदेने एक पूड पाठवली आहे. ती भाजीत कालवून दिली की दारूची शिसारी येते, असे तिचे म्हणणे आहे. ती द्यावी का?

उत्तर : ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असे आहे. घरी सोडवू नका आणि ती पूड देऊ नका. यजमानांनी दारू सोडावी हे अगदी योग्य आहे, परंतु ज्याला सोडताना एकदा फिट आलेली आहे, त्याने पुढच्या वेळी रुग्णालयात दाखल होऊनच सोडली पाहिजे. याबाबतीत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

तीन वर्षांपूर्वीची ती फिट बहुधा मिरगीची नसावी, आणि ती शपथेमुळे किंवा देवाच्या कोपाने तर निश्चितच आली नाही. मेंदूत काही रसायने शांत करणारी असतात आणि काही उत्तेजित करणारी. दारू पहिल्या गटाचे, विशेषतः गाबा या रसायनाचे, काम वाढवते. तागडीच्या एका पारड्यात कोणी रोज वजन टाकत राहिले तर मेंदू दुसऱ्या पारड्यात ग्लुटामेटसारख्या उत्तेजक रसायनाचे वजन वाढवून काटा मध्यावर ठेवू पाहतो. सोळा वर्षे असे चालल्यानंतर एका रात्रीत दारूचे वजन उचलले की दुसरे पारडे धाडकन खाली जाते. हात कापणे, घाम सुटणे, छाती धडधडणे, उलट्या, झोप उडणे आणि फिट ही सगळी त्या असमतोलाची रूपे आहेत. पुन्हा दारू घेतल्यावर हे थांबते, म्हणून सासूबाईंना ‘सोडणे मानवत नाही’ असे वाटले. त्यांनी जे पाहिले ते खरे होते. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष असा की सोडण्यासाठी औषधाचा आधार लागतो.

यजमानांनी जो बेत केला आहे तो तिथींच्या हिशेबाने मांडून पाहा. आषाढी अमावास्येच्या रात्री दहाला शेवटचा घोट घेतला, तर साधारण सहा तासांनंतर, म्हणजे प्रतिपदेच्या पहाटेपासून, थरथर आणि बेचैनी सुरू होईल. फिट येण्याचा धोका मुख्यतः पहिल्या ४८ तासांत असतो, म्हणजे प्रतिपदा आणि द्वितीया. त्यानंतर ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान, म्हणजे द्वितीयेच्या रात्रीपासून चतुर्थीपर्यंत, काही जणांना डेलिरियम ट्रेमेन्स होतो. मराठीत त्याला कंपोन्माद म्हणतात. माणसाचे भान सुटते, नसलेली माणसे व प्राणी दिसतात, ताप आणि रक्तदाब वाढतो. एकदा सुरू झालेली ही अवस्था नागपंचमी उलटून गेल्यावरही काही दिवस राहू शकते. म्हणजे घरात सणाची गडबड, पाहुण्यांची ये-जा, यजमानांचे उपवास आणि आजाराचा सर्वांत कठीण काळ हे सर्व एकाच आठवड्यात येईल. उपवासाचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण या दिवसांत पोटात अन्न आणि पाणी जाणे अत्यंत आवश्यक असते.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. दारू अचानक सोडणे आणि पुन्हा सुरू करणे असे जितक्या वेळा घडते, तितकी पुढच्या वेळची लक्षणे अधिक तीव्र होण्याकडे कल असतो. मागच्या वेळी एका फिटवर निभावले, म्हणून या वेळीही तेवढ्यावरच निभावेल असे मानू नका. शिवाय प्रमाणही पाहा. ३७५ मिलिलिटरच्या हाफमध्ये ४२.८ टक्के तीव्रतेची व्हिस्की असेल तर त्यात सुमारे १२५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. इतके अल्कोहोल रोज घेणाऱ्या आणि सकाळी हात स्थिर होण्यासाठी घ्यावे लागणाऱ्या माणसाचे शरीर पूर्णपणे दारूवर अवलंबून झालेले असते. इच्छाशक्तीने त्यांना सोडण्याचा निर्णय घेता येईल, आणि तो त्यांनी घेतला आहे हे मोठेच आहे. पण इच्छाशक्तीने फिट रोखता येत नाही.

रुग्णालयात काय करतात, हे कळले तर भीती थोडी कमी होईल. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम यांसारखे औषध दारूची जागा तात्पुरती घेते. पहिल्या एक-दोन दिवसांत ते लक्षणांनुसार पुरेसे देतात आणि मग पाच ते दहा दिवसांत उतरवत बंद करतात. यकृत खराब असेल तर लोराझेपामसारखे, यकृतावर कमी भार टाकणारे औषध निवडले जाते. नाडी, रक्तदाब, थरथर, घाम, भान यांची दिवसातून अनेकदा नोंद होते आणि तीवरून मात्रा ठरते. या गोळ्या ओळखीच्या केमिस्टकडून आणून घरी देण्याचा विचार कृपा करून करू नका. त्या दारूबरोबर पोटात गेल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, आणि दीर्घकाळ घेतल्या तर त्यांचीच सवय लागते.

याबरोबरीने थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, देणे अत्यावश्यक असते. वर्षानुवर्षे दारू पिणाऱ्याच्या शरीरात त्याची कमतरता असते. ‘अशक्तपणा आहे, ग्लुकोजचे सलाइन लावून द्या’ असा आग्रह घरचे लोक गल्लीतल्या दवाखान्यात करतात, ते मी अनेकदा पाहिले आहे. थायमिनशिवाय ग्लुकोज दिले तर आधीच संपत आलेले ब-१ आणखी वेगाने खर्ची पडू शकते आणि वर्निके एन्सेफॅलोपॅथी नावाचा मेंदूविकार उद्भवू शकतो. गोंधळलेले बोलणे, डोळ्यांची हालचाल बिघडणे, चालताना तोल जाणे ही त्याची खूण होय. वेळीच थायमिनचे इंजेक्शन मिळाले नाही तर स्मृती कायमची अधू होऊ शकते. म्हणून कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी ‘हे रोज दारू घेतात, आधी थायमिन द्यायचे आहे का?’ एवढा प्रश्न विचारा.

आता कायद्याच्या भीतीविषयी. गुजरातेतील बंदीचा कायदा १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातून आलेला आहे. त्याचा धाक घराघरांत आहे हे मी नाकारत नाही. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारूच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला उपचारांविषयीच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिला आहे. यजमान स्वतः तयार आहेत, त्यामुळे त्यांना स्वतःच्या संमतीने दाखल होता येईल. वडोदऱ्यात सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, कारेलीबागेत सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय आहे, आणि खाजगी मानसोपचारतज्ज्ञही आहेत. मागच्या वेळी दवाखान्यात तुम्ही गप्प राहिलात म्हणून स्वतःला दोष देऊ नका. मात्र या वेळी पहिलेच वाक्य दारूविषयीचे असू द्या.

दाखल होण्याची तारीख मिळेपर्यंत यजमानांनी दारू एकदम शून्यावर आणू नये. डॉक्टर म्हणून हे वाक्य लिहिणे मला जड जाते, परंतु त्यांच्या बाबतीत ते खरे आहे. वाढवू तर नयेच; किती कमी करायची हेही तपासणीनंतर डॉक्टरांनाच ठरवू द्या. माझी सूचना अशी की अमावास्येची वाट न पाहता या आठवड्यातच भेटीची वेळ घ्या. आषाढाच्या मध्यावर दाखल झाले तर श्रावणाची प्रतिपदा उजाडेपर्यंत औषधे उतरत आलेली असतील, आणि माळ घालताना त्यांचा हात कापत नसेल. सासूबाईंना हे जरूर सांगा. त्यांची श्रद्धा आणि आमचे उपचार यांत विरोध नाही, फक्त क्रम बदलायचा आहे.

दरम्यान पुन्हा फिट आली तर त्यांना कुशीवर वळवा, मानेभोवतीचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवा आणि १०८ ला फोन करा. दातांत चमचा घालू नका, तोंडात पाणी ओतू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, केवळ वेळ जातो.

पुडीविषयी थोडक्यात सांगतो. अशा पुडीत काय आहे हे तिच्यावर लिहिलेले नसते. तिच्यात डायसल्फिरमसारखे औषध मिसळलेले असेल आणि यजमानांनी नकळत दारू घेतली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. शिवाय जो माणूस आज स्वतःहून सोडायला निघाला आहे, त्याच्या ताटात चोरून काही कालवले हे उद्या त्याला कळले, तर तुमच्या हातच्या अन्नावरचा त्याचा विश्वास जाईल. तो विश्वास पुढच्या वर्षभरात तुम्हाला फार लागणार आहे.

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे असून रावपुऱ्यात राहतात. त्यांच्याकडे आरोग्याच्या कारणास्तव मिळालेला दारूचा परवाना आहे. ते रोज संध्याकाळी घेत असत, पण कधी तोल गेलेला आम्ही पाहिला नाही. गेल्या महिन्यात न्हाणीघरात पडून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, पण तिसऱ्या रात्री ते भिंतीवरच्या मुंग्या दाखवू लागले, चादर चिमटीने ओढू लागले, दिवंगत आईला हाका मारू लागले. शेवटी त्यांचे हात पलंगाला बांधावे लागले. आम्हाला वाटले भूल चढली किंवा वेड लागले. काकांनी डॉक्टरांना दारूचे सांगितल्यावर उपचार बदलले आणि पाच दिवसांत ते शुद्धीवर आले. त्यांना त्यातले काही आठवत नाही. ते वेडच होते का? पुन्हा होईल का?

उत्तर : ते वेड नव्हते. तुम्ही केलेले वर्णन कंपोन्मादाशी जुळते, आणि वरच्या पत्राच्या उत्तरात दिलेला तासांचा हिशेब येथेही लागू पडतो. वडिलांनी दारू सोडण्याचे ठरवले नव्हते. पडल्यामुळे ती सुटली. शरीराला कारणाशी देणेघेणे नसते. खुब्याचे हाड मोडो, न्यूमोनिया होवो, लग्नासाठी दूरच्या नातेवाइकांकडे जावे लागो, किंवा छापा पडून पुरवठा थांबो, शेवटच्या घोटापासून घड्याळ सुरू होते. २०२० च्या टाळेबंदीत दारूची दुकाने एकाएकी बंद झाली, तेव्हा देशाच्या अनेक भागांत असे रुग्ण रुग्णालयांत आले होते.

‘तोल जात नाही’ ही गोष्ट अनेक मुले वडिलांच्या बाजूने सांगतात. खरे तर भरपूर घेऊनही तोल न जाणे हे शरीर दारूला सरावल्याचे लक्षण असते. परवाना असल्यामुळे तुमच्या घरात लपवण्यासारखे काही नव्हते, तरीही शस्त्रक्रियेपूर्वी कोणी सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही. विचारणे हे आमच्या व्यवसायाचे कर्तव्य आहे आणि त्यात आम्ही कमी पडतो, हे मला मान्य केले पाहिजे. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच कळले असते, तर पहिल्या दिवसापासून औषध सुरू करून हे बहुधा टाळता आले असते. उपचार न मिळालेल्या कंपोन्मादात पूर्वी शंभरांपैकी पंधरा किंवा त्याहूनही अधिक रुग्ण दगावत असत. वेळेवर उपचार मिळाल्यास हे प्रमाण पाचाच्या खाली येते. काकांनी वडिलांचा जीव वाचवला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

वडिलांनी पुन्हा रोज दारू सुरू केली आणि ती पुन्हा अचानक थांबली, तर हे पुन्हा होऊ शकते. ज्याला एकदा कंपोन्माद झाला आहे, त्याला तो पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर ही नोंद करून घ्या. पुढे मोतीबिंदूचे ऑपरेशन असो वा दात काढणे असो, रोज किती घेतात, शेवटची कधी घेतली, पूर्वी फिट किंवा भ्रम झाला होता का, या तीन गोष्टी विचारण्याची वाट न पाहता सांगा. आता ते महिनाभर दारूविना आहेत. शरीराची कठीण वाट ओलांडून झालेली असताना परत पहिल्या घोटाकडे वळण्याचे कोणतेही वैद्यकीय कारण मला दिसत नाही. परवान्याचे नूतनीकरण करू नये, असे मी त्यांच्याशी स्पष्ट बोलेन. तुम्हीही बोला, पण भ्रमाच्या त्या रात्री काय काय केले याचा पाढा त्यांच्यापुढे वाचू नका. त्यांना ते आठवत नाही, आणि त्याची लाज वाटून माणूस दारूपासून दूर जातोच असे नाही.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा आहे. उपचार घेऊन अडीच महिने झाले, एक थेंब घेतलेला नाही. पण झोप अजून तुटक आहे, चिडचिड होते, आणि मित्र दमणला निघाले की मन ओढ घेते. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या असतात असे ऐकले. त्या घ्याव्यात का? एखादा पेग चालेल का?

उत्तर : एखादा पेग चालणार नाही. अडीच महिने टिकवणे ही मोठी कमाई आहे आणि त्याबद्दल मी तुमचे मनापासून अभिनंदन करतो. झोपेचा हा त्रास काही महिने राहू शकतो, हे तुम्हाला रुग्णालयातून निघताना सांगायला हवे होते. म्हणजे ‘सगळे सोडूनही बरे वाटत नाही’ अशी निराशा आली नसती. दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा टाळा, उठण्याची वेळ ठरलेली ठेवा, आणि झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका.

औषधे आहेत आणि ती घेण्यात कमीपणा नाही. ॲकॅम्प्रोसेट अस्वस्थता कमी करून दारूविना राहण्यास मदत करते, परंतु मूत्रपिंडाची तपासणी करून द्यावे लागते. नाल्ट्रेक्सोनमुळे दारूची ओढ आणि तिच्यातून मिळणारी सुखाची भावना कमी होते. मात्र यकृताची तपासणी लागते, आणि ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके चालू असताना ते देत नाहीत. डायसल्फिरम वेगळ्या प्रकारे काम करते. ते चालू असताना दारू पोटात गेली की अंग लाल होते, उलट्या आणि धडधड होते, आणि गोळी बंद केल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून ते रुग्णाच्या पूर्ण संमतीनेच द्यायचे असते. ते घेणाऱ्याने अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधे टाळावीत. द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांसारखी आसवे-अरिष्टेही टाळावीत, कारण त्यांत आंबवण्यातून तयार झालेले अल्कोहोल असते. तुमच्यासाठी कोणते योग्य, हे रक्ताच्या तपासणीनंतर तुमचे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

गोळीइतकीच सोबतीची गरज असते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन येथे सुरू झाली, ती दोन मद्यासक्तांच्या परस्परांशी झालेल्या बोलण्यातून. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून काम करत आहे, आणि मराठीत मोकळेपणाने बोलता येईल असे ठिकाण हवे असेल तर तेथेही विचारणा करता येईल. फोनवर बोलायचे असल्यास टेली मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीचा १४४४६ हे सरकारी क्रमांक आहेत.

दमणच्या गाडीत मात्र या वर्षी बसू नका. मित्रांना कारण सांगणे अवघड वाटत असेल तर ‘डॉक्टरांनी मनाई केली आहे’ एवढे सांगा. ते खरेच आहे, कारण मी ती आता करत आहे. ज्या शनिवारी ते निघतील, त्या शनिवारची संध्याकाळ आधीच कोणाला तरी देऊन ठेवा. आणि कधी घेतली गेलीच, तर ‘आता सगळे संपले’ म्हणून बाटली संपवू नका. त्याच रात्री घरी सांगा आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या डॉक्टरांकडे जा. डायसल्फिरम चालू असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सरळ रुग्णालय गाठा.